लाल घड्याळ आणि ४२,५०४ रुपये

४२,५०४ रुपये. बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही, इथे सांगतोय.

मोनेरो घ्यायचं होतं, म्हणजे व्यवहार कुणाला दिसू न देणारं क्रिप्टो नाणं. "काय लपवायचंय?" असं विचारणाऱ्यांनी थांबा, ३० टक्के कर भरतो मी. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायनान्स या मोठ्या क्रिप्टो बाजारानं मोनेरो काढून टाकलं, मग माणूस जाणार कुठे? टेलिग्रामच्या एका ग्रुपवरून वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं अ‍ॅप, उतरवलं (इथेच एक ठेवून द्या मला). स्वॅपची, म्हणजे एक नाणं देऊन दुसरं घ्यायची, सोय आतच. आधी एका विक्रेत्याकडून ४२० यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं नाणं) घेतले, ९२ च्या भावानं ३८,६४० रुपये. ते पाठवायला ट्रॉन या ब्लॉकचेनवरचा पत्ता आला आणि खाली लाल घड्याळ: २०:००, त्यानंतर पत्ता बाद.

मुदत बघून शंका यायचं कारण नव्हतं. खऱ्या स्वॅपवाल्यांकडेही असते. पण ती दाखवलेल्या दराची असते हो, पत्त्याची नाही! ब्लॉकचेनवरचा पत्ता बाद होत नाही, त्याची गुप्त चावी ज्याच्याकडे त्याचे पैसे. मला हे माहीत होतं.

मध्येच नेट गेलं. पान पुन्हा उघडलं तर सात मिनिटांची परत वीस झालेली, पत्ता तोच. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि मनात काय आलं? बरं झालं, वेळ वाढवून मिळाला. गाढव!

पाठवले. लगेच निरोप: पत्ता बाद झाला, रक्कम अडकली, १० टक्के भरा म्हणजे सुटेल. आणखी ४२ यूएसडीटी, म्हणजे ३,८६४ रुपये, तेही भरले. मग चिडीचूप. ट्रॉनवरचे व्यवहार कुणालाही दाखवणारी साइट, ट्रॉनस्कॅन, उघडायचं तेव्हा सुचलं. 'अडकलेले' ४२० चार मिनिटांतच पुढे गेले होते. दुसरे पैसे मागितले की आधी तिथे बघा. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, मी लाजेपायी दोन दिवस घालवले.

पोलीस ठाण्यात अर्जाला बारा आकडी यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक, हवा. माझ्याकडे ब्लॉकचेनचा चौसष्ट अक्षरांचा ट्रॅन्झॅक्शन आयडी. अंमलदार म्हणाले, "बँकेतून ज्याला गेले त्याचं टाका." म्हटलं, साहेब, तो पीटूपी विक्रेता, ज्याच्याकडून थेट यूएसडीटी घेतले तो, त्यानं मला कॉइन चोख दिलेत. "ते आम्ही बघतो." प्रकार लिहिला 'ऑनलाइन खरेदी'. तीन चकरा, दोनदा झेरॉक्स, एकदा 'साहेब बंदोबस्ताला'.

परवा त्या विक्रेत्याचा मेसेज आला: "भाऊ, माझं खातं गोठवलंय. मी काय केलं?" अंमलदारांना दाखवला. म्हणाले, "बघा, झाली ना कारवाई!"