चिठ्ठी की संशय?

कारखान्यात अमली पदार्थांची चाचणी सुरू करायची तर मालकापुढे दोन वाटा असतात: चिठ्ठी टाकून कोणाचीही चाचणी घेणे, किंवा ठोस संशय आल्यावरच घेणे. शिस्तीचा नवा नियम म्हणून दोन्हींसाठी कामगारांना साधारणपणे २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

चिठ्ठीमुळे कोणावर डाग येत नाही. मात्र निर्दोष माणसाच्याही खासगीपणात हात घातला जातो. म्हणून जिथे एकाच्या चुकीने इतरांचे जीव जातात, तिथेच ती शोभते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी दरवर्षी १० टक्के जणांची अशी चाचणी बंधनकारक केली.

संशयाच्या पद्धतीत चाचण्या कमी होतात, पण मुकादमाचा आकसही 'संशय' म्हणून खपू शकतो. त्यामुळे तोल जाणे, जीभ अडखळणे अशी लक्षणे वेळेसह लिहून त्यावर दोन पर्यवेक्षकांच्या सह्या घ्याव्यात. सामान्य कारखान्यासाठी मला हीच वाट बरी वाटते.

नमुन्याची बाटली मात्र कामगारासमोरच सीलबंद व्हावी, आणि पहिल्या अहवालावर कोणाला काढू नये. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधानेही अफूजन्य पदार्थांची चाचणी सकारात्मक येते.