एक दाढ गेली. आता इम्प्लांट, ब्रिज की कवळी?

दाढ काढून दोन-तीन महिने झाले की माणूस चौकशीला लागतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात सांगतात, इम्प्लांट करा. शाहूपुरीतले ओळखीचे डॉक्टर म्हणतात, ब्रिज बसवू, पंधरा दिवसांत मोकळे व्हाल. घरातले थोरले म्हणतात, एका दाढेसाठी एवढे पैसे घालायची काय गरज, काढघालीचा दात करून घे. या तिघांत कुणी फसवत असतं असं नाही. तिघं वेगवेगळ्या गोष्टी धरून बोलत असतात, एवढंच.

मी डेंटल लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर तोंडात माप घेतात, ते आमच्याकडे येतं आणि त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या बनतात. पेशंट आम्हाला सहसा दिसत नाही, पण त्याचा जबडा प्लास्टरमध्ये समोर टेबलावर असतो. निदान करणं माझं काम नाही, ते एक्स-रे बघून डॉक्टरांनीच करायचं. पण कुठली गोष्ट कशी बनते, कुठं तुटते आणि काय दुरुस्तीला परत येतं, हे मी रोज बघतो. त्यावरून माझं मत असं की, आधी मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात कसे आहेत ते बघावं, मग खाली हाड किती शिल्लक आहे ते. पैशाचा हिशेब त्यानंतर. बहुतेक लोक सुरुवातच पैशापासून करतात आणि घोळ तिथंच होतो.

जागा तशीच मोकळी सोडली तर? अक्कलदाढ गेली असेल तर खुशाल सोडा. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि चावायला अडत नसेल, तर कधीकधी डॉक्टरही म्हणतात राहू द्या. पण मधली मोठी दाढ गेली तर शेजारची दाढ त्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ हळूहळू त्या पोकळीत उतरायला लागते. चार-पाच वर्षांनी आलेल्या मापात कित्येकदा पूर्ण उंचीचा दात बसवायला जागाच उरलेली नसते. मग आधी समोरची दाढ घासा, नाहीतर तारा लावून कललेली दाढ सरळ करा, असं काम वाढत जातं.

ब्रिजमध्ये खरं काय होतं

ब्रिज म्हणजे तीन दातांची एक सलग माळ. मधला दात खोटा, आणि बाजूच्या दोन खऱ्या दातांवर बसणाऱ्या दोन कॅपा. या कॅपांना जागा व्हावी म्हणून बाजूचे दात चहूबाजूंनी साधारण एक ते दीड मिलिमीटर आणि चावायच्या बाजूनं त्याहून थोडे जास्त घासतात. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. मॉडेलवर बघितलं तर दाढेचा वरचा पसारा, खाचा, उंचवटे सगळं जाऊन एक निमुळता ठोकळा उरलेला असतो. घासलेलं आवरण परत कधीच येत नाही. काही दातांना त्यानंतर झिणझिण्या राहतात, काहींची पुढं रूट कॅनाल करावी लागते.

कीड नाही, सिमेंट नाही, अशा दोन धडधाकट दाढा एका गेलेल्या दाढेपायी घासलेल्या बघितल्या की मला अजूनही हळहळ वाटते. आणि याच्या नेमकं उलट माप येतं तेव्हा ब्रिज हाच शहाणपणा असतो. बाजूच्या एका दाढेची रूट कॅनाल झालेली आहे, दुसरी अर्धी सिमेंटनं भरलेली आहे, म्हणजे दोघींना आज ना उद्या कॅप लागणारच आहे. तिथं ब्रिज केला की एका कामात तिन्ही प्रश्न सुटतात. अशा पेशंटनं कुणाचं ऐकून इम्प्लांटच पाहिजे म्हणून अडून बसू नये.

ब्रिजची दुखणी दोन. खोट्या दाताखाली अन्न अडकतं आणि साधा ब्रश तिथं पोचत नाही. त्यासाठी सुपरफ्लॉस (खोट्या दाताखालून ओवायचा जाडसर दोरा) किंवा फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश रोज वापरावा लागतो. दुसरं दुखणं कॅपच्या कडेशी. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा खरा दात किडतो, आणि एक खांब गेला की तिन्ही दातांचं काम उतरवावं लागतं. बरेचसे ब्रिज दहा-पंधरा वर्षं चालतात, निगा राखणाऱ्याचे त्याहूनही जास्त. जमेची बाजूही मोठी आहे. हाडाची शस्त्रक्रिया नाही, महिनोन्‌महिने थांबणं नाही, खर्च आवाक्यात.

इम्प्लांट का सांगतात

हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर एक जोडतुकडा (याला अबटमेंट म्हणतात), आणि त्यावर कॅप. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर ती नळी निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या पेशंटच्या खालच्या जबड्यात हे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते वापरात होते. इम्प्लांट नवीन फॅड आहे म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पहिला फायदा म्हणजे शेजारच्या दातांना कुणी हात लावत नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हाच.

दुसरा हाडाचा. दात निघाला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते बसायला लागतं. पहिल्या वर्षभरातच त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतली असते. इम्प्लांटवरून चावण्याचा दाब हाडापर्यंत पोचतो, त्यामुळं भोवतीचं हाड बऱ्यापैकी टिकून राहतं. ब्रिजच्या खोट्या दाताखालचं हाड मात्र खचत राहतं. पुढच्या दातांत हे डोळ्यांना दिसतं, कारण काही वर्षांनी हिरडी आणि दात यांच्यामध्ये फट पडते. म्हणून करायचं की नाही हे ठरायचं असलं तरी दात काढण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. पाच वर्षांनी गेलात तर आधी हाड भरायचं काम करावं लागेल, त्याचे पैसे वेगळे आणि महिने वेगळे.

तिसरा फायदा, इम्प्लांटला कीड लागत नाही. यावरून लोक एकदम निर्धास्त होतात आणि तिथंच फसतात. भोवतीची हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं, आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही. वर्षातून एकदा-दोनदा तपासणी आणि सफाई चुकवायची नाही.

चावण्याची ताकद जवळजवळ खऱ्या दातासारखी मिळते. भाकरी, भडंग, शेंगदाणे, तांबड्या रश्शातलं मटण, सगळं चालतं. फक्त मटणातली नळी दाताखाली धरून फोडू नका आणि ऊस सोलायला ती बाजू वापरू नका. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक धाग्यांचं अस्तर असतं. जोर जास्त झाला की तेच आधी इशारा देतं. इम्प्लांटला ते अस्तर नाही. इशारा येईपर्यंत कॅपचा टवका उडालेला असतो. म्हणून लॅबमध्ये इम्प्लांटची कॅप आम्ही मुद्दाम जराशी हलकी लावतो. दोन्ही मॉडेल अलगद मिटली की दातांमध्ये ठेवलेली पातळ पट्टी इम्प्लांटच्या जागी सहज ओढून निघाली पाहिजे आणि दाबून मिटल्यावरच अडकली पाहिजे. बाजूच्या खऱ्या दातांवर ती पहिल्यापासून घट्ट धरलेली हवी. डॉक्टर तोंडात पुन्हा हेच तपासतात. कॅप बसवल्यावर तीच बाजू आधी लागते असं वाटलं, तर घरी जाऊन सवय होईल म्हणून गप्प बसू नका, तिथंच खुर्चीत सांगा.

वेळ मात्र लागतो. हाड स्क्रूला धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा, कारण वरचं हाड भुसभुशीत असतं. काही जणांना दात काढल्या दिवशीच स्क्रू बसवता येतो, पण ते हाड आणि जंतुसंसर्ग बघून ठरतं, पेशंटच्या घाईवर नाही. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते आणि खालच्या दाढांच्या खालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. त्यासाठी थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, काढतात. तो सांगितला की खर्च वाढवतायत असं म्हणू नका.

दहा वर्षांनी बघितलं तर शंभरातले नव्वद-पंचाण्णव इम्प्लांट जागेवर असतात. उरलेल्यांत कोण जातं याचा अंदाज आधी करता येतो. तंबाखू खाणारे, सिगारेट ओढणारे, मिसरी लावणारे, साखर ताब्यात नसलेले, आणि आधीच हिरड्यांच्या आजारानं दात गमावलेले. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही हे खरं नाही. साखर आटोक्यात असेल तर होतो. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट घेऊनच जा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील तर ते आवर्जून सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका. आणि वाढत्या वयातल्या मुलाचा दात खेळताना पडला तर जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांट थांबवतात. तोवर मागून चिकटवायचा ब्रिज किंवा काढघालीचा दात चालतो.

कवळी, आणि मधला मार्ग

एका-दोन दातांची काढघालीची कवळी सगळ्यात स्वस्त, आठवड्याभरात मिळते. तात्पुरती म्हणून उत्तम. कायमची म्हणून मी कुणाला सांगत नाही. साधी प्लास्टिकची पट्टी हिरडीवर टेकते, तारा शेजारच्या दातांना धरतात, अन्न अडकतं, आणि बहुतेकांची शेवटी खिशात जाते. करायचीच असेल तर धातूच्या सांगाड्याची करा, तिचा भार निदान दातांवर जातो.

सगळे दात गेलेल्यांचं प्रकरण वेगळं. वरची कवळी टाळूला हवेच्या दाबानं धरते आणि बऱ्याच जणांचं तिच्यावर भागतं. खालची छळते. तिला टेकायला जागा कमी, मध्ये जीभ, आणि हाड दरवर्षी खाली जाणारं. कवळीवर चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पाव भागाच्या आसपासच असतो. आजोबा भाकरी दुधात का कुस्करतात, याचं उत्तर कित्येकदा खालच्या कवळीत सापडतं.

अशा माणसाला पूर्ण जबड्याचे फिक्स दात आणि कित्येक लाखांचा खर्च, किंवा मग आहे तेच सोसणं, असे दोनच रस्ते सांगतात. मधला रस्ता आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट, आणि कवळीच्या आतून त्यावर बसणारी दोन बटणं. कवळी रात्री काढता येते, पण जेवताना उठत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती हीच असावी, असं म्हटलं होतं. पुढच्या भागात हाड सहसा शिल्लक असतं, त्यामुळं सत्तरीतही जमतं. बटणातली रबरी रिंग अधूनमधून बदलावी लागते, ते काम किरकोळ आहे. हा पर्याय डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही विषय काढा.

पैसे

आकडे ढोबळ आहेत, दवाखाना आणि साहित्य यांवर बदलतात. एक इम्प्लांट कॅपसकट २५ ते ५० हजार, नामांकित परदेशी कंपनीचा त्याहून वर. तीन दातांचा ब्रिज १० ते ३० हजार. धातूवरचा सिरॅमिक स्वस्त, झिर्कोनिया (धातूशिवायचा पांढरा, कडक सिरॅमिक) महाग. एका दाताची काढघालीची कवळी एक ते तीन हजार. चाळिशीतल्या माणसानं ब्रिज एकदा बदलावा लागेल हे धरून हिशेब केला तर फरक दिसतो तेवढा राहत नाही. सत्तरीतल्या माणसाला हा हिशेब लागू होत नाही. आरोग्य विम्यात दातांचं काम अपघात सोडला तर सहसा बसत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

हातात पैसे कमी आणि वेळ असेल, तर नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं आहे. कॉलेजात दर खासगीपेक्षा कमी असतात, काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं, मात्र फेऱ्या जास्त पडतात आणि एका बैठकीत सकाळ जाते. कागलहून किंवा गडहिंग्लजहून येणाऱ्यानं एसटी आणि बुडालेला रोज धरून मगच तुलना करावी.

दर विचारताना ‘इम्प्लांट केवढ्याला’ एवढंच विचारू नका. काही ठिकाणी सांगितलेला दर नुसत्या स्क्रूचा असतो. अबटमेंट, कॅप, स्कॅन, लागलं तर हाड भरणं, हे आत की बाहेर, ते कागदावर घ्या.

इम्प्लांट बसल्यावर त्याच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, लांबी, जाडी आणि बॅच नंबर असतो. आठ-दहा वर्षांनी अबटमेंट धरणारा आतला छोटा स्क्रू ढिला झाला आणि तोवर तुम्ही पुण्याला राहायला गेला असाल, तर नव्या डॉक्टरांना कुठल्या कंपनीचा पाना लागेल हे एक्स-रेवरून नीट कळत नाही. अशी कामं आमच्याकडे येतात तेव्हा चार कंपन्यांचे सुटे भाग मागवून लावून बघावे लागतात आणि पाच मिनिटांच्या कामाला पेशंट दोन आठवडे खोळंबतो. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ स्टिकर घरच्या कागदपत्रांच्या फाइलला लावून टाका.