जाड पडदे की रबरी पट्टी?

निवासी भागात रात्रीच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. हायवेलगतच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती कधी पाळली जाईल याची वाट बघत बसू नका.

बहुतेक जण आधी जाड पडदे घेतात. ते खोलीतला घुमारा कमी करतात, पण बाहेरचा हॉर्न फारसा अडवत नाहीत. ट्रकची घरघर तर नाहीच.

आवाज शिरतो फटींतून. स्लायडिंग खिडकीच्या दोन शटरांमधली झिजलेली ब्रशपट्टी नीट बघा. तिथून उजेड दिसत असेल, तर आवाजही येणारच. ती बदलून घ्या, दाराच्या चौकटीला चिकटणारी रबरी पट्टी लावा. घर सोडताना हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू सोला, म्हणजे रंग सहसा निघत नाही आणि डिपॉझिटवरून वाद होत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: आधी पट्टी, पैसे उरले तर पडदे. गॅस गिझर असलेल्या बाथरूमची हवा मात्र अजिबात बंद करू नका.