घाट, फेरीबोट आणि ट्रेलर : छोट्या एसयूव्हीत डिझेल की टर्बो पेट्रोल?

चार मीटरच्या आतली एसयूव्ही घ्यायची हे ठरले, तरी कोकणात राहणाऱ्याचा खरा पेच इंजिनापाशी येऊन थांबतो. मी दीड लिटरचे डिझेल, साध्या गिअरचे घेतले; मेहुण्यांनी एक लिटरचे टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिकसह, म्हणजे दोन क्लचच्या मदतीने आपोआप गिअर बदलणारे, घेतले. गाड्यांची अदलाबदल नेहमीचीच असल्यामुळे पुढील मत मोजमापावर नव्हे, तर वापरावर आधारलेले आहे.

आरामाच्या बाबतीत पेट्रोलचे पारडे जड आहे, हे मान्य करायला हवे. तिचे इंजिन शांत आहे, पुढचा भाग हलका असल्याने ती वळणात चपळ वाटते, आणि चिपळूणच्या बाजारपेठेत डाव्या पायाला काही कामच उरत नाही. डिझेलची घरघर मात्र मागे बसलेल्यांनाही ऐकू येते.

घाटात चित्र पालटते. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना मिळणारी कराची सवलत पेट्रोलला १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंत आहे. त्यामुळे या वर्गात पेट्रोलची इंजिने लहानच राहतात. डिझेलचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, सुमारे २५० न्यूटन मीटर आणि तोही इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो, तर एक लिटरच्या टर्बोचा १७० ते १८० च्या घरात असतो. पाच माणसे, मागे आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू, अशा स्थितीत आंबा घाट चढताना हा फरक प्रत्येक वळणानंतर जाणवतो.

तरीही माझा निर्णय घाटाने केला नाही, तो केला फेरीबोटीच्या धक्क्याने. दाभोळहून धोपाव्याला किंवा जयगडहून तवसाळला जाणाऱ्यांना ओहोटीच्या वेळचा उतार ठाऊक असेल : उघडा पडलेला, ओला, शेवाळलेला. पुढची गाडी मध्येच थांबली की आपल्यालाही चढावरच थांबावे लागते. तिथे मेहुण्यांची गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर विचार करते, तेवढ्यात किंचित मागे सरकते आणि मग एकदम झेपावते. चढावर ब्रेक धरून ठेवणाऱ्या हिल होल्डची मदत दोन-तीन सेकंदांचीच असते. रांग इंचाइंचाने सरकू लागली की क्लच घसरत राहतो, तापतो आणि त्याचा वासही येतो. मागे दुचाकीवाले खेटून उभे असताना हा क्षणभराचा उशीर मला काही केल्या पचनी पडला नाही. डिझेलमध्ये हँडब्रेक ओढून क्लच अलगद सोडला की गाडी कुरकुर न करता वर येते.

छोटी होडी ट्रेलरवरून खाडीत नेण्याचा विचार असेल, तर मात्र डिझेलवरही फार विसंबू नये. या वर्गातल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. मागच्या हुकावर भार आला की पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या उतारावर नुसती फिरतात. शिवाय काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि ट्रेलरची नोंदणीही वेगळी करावी लागते. ते पान बयाणा देण्यापूर्वीच वाचलेले बरे.

ज्यांची गाडी घर ते बाजार एवढीच धावते, त्यांनी पेट्रोलच घ्यावे असे मला वाटते, कारण बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेलचा, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आखूड फेऱ्यांत साफ होत नाही आणि अधूनमधून लांब पल्ला मागतो. बाकीच्यांनी चाचणीसाठी गाडी महामार्गावर न नेता, घरची माणसे बसवून एखाद्या ओल्या चढावर थांबवून पुन्हा सुरू करून पाहावी.