रत्नागिरीतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: आधी कान देऊन ऐकणारा माणूस

आमची पावसला हापूसची बाग आहे. हिशेब मी बघते. पेट्या किती गेल्या, वाशीहून दलालाची पट्टी काय आली, फवारणी, गड्यांची मजुरी, सगळं एका जुन्या लॅपटॉपवर. भाच्याने त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम टाकून दिली होती आणि ती चार वर्षं सुरळीत चालली. गेल्या दिवाळीपासून मात्र बटण दाबल्यावर पडदा यायला जवळजवळ तीन मिनिटं लागायला लागली. बॅटरी धरत नाही, त्यामुळे लाईट गेली की लॅपटॉप बंद, आली की परत पहिल्यापासून. एप्रिलात दारात टेम्पो उभा, ड्रायव्हर चलनासाठी खोळंबलेला, आणि मी मिंटच्या लोगोकडे बघत बसलेली. असं दिवसातून चारपाच वेळा.

पहिल्यांदा ज्या दुकानात नेला तिथे तो सुरूसुद्धा करून बघितला नाही. "हार्ड डिस्क गेली, लिनक्स काढून विंडोज टाका." मला ते पटलं नाही, कारण एकदा सुरू झाला की काम नीट करत होता.

मग शेजारच्या बागेतल्या वहिनींनी या दुकानाचं सांगितलं. मारुती मंदिरला उतरून थोडं चालायचं, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. एक टेबल, दोन स्टुलं, चालवणारा तिशीतला मुलगा. त्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "काकू, कधीपासून होतंय? त्याआधी काय बदललं होतं?" दिवाळीत भाच्याने शिकायला म्हणून त्याच डिस्कवर शेजारी डेबियन, म्हणजे लिनक्सचाच दुसरा प्रकार, टाकलेलं. मी ते सांगितलं आणि तो सरसावून बसला.

लॅपटॉप सुरू करून लोगो आल्याबरोबर त्याने एस्केप दाबलं. लोगो गेला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या. एका ओळीत लाल चांदण्या इकडून तिकडे सरकत होत्या आणि सेकंद चढत होते, बावीस, तेवीस, चोवीस. पुढे मर्यादा लिहिलेली, १ मिनिट ३० सेकंद. "हा एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक कप्पा, शोधतोय काकू, आणि ते त्याला सापडत नाहीये. डिस्क गेली असती तर दर वेळी बरोब्बर नव्वदाला सुटला नसता."

मग सुरू व्हायला कुठे किती वेळ गेला ते दाखवणारं 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' चालवलं. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ३८ सेकंद; युजरस्पेस, म्हणजे त्यानंतर सुरू होणारं बाकी सगळं, २ मिनिटं ४ सेकंद. कुणाला किती वेळ लागला त्या 'ब्लेम'च्या यादीत सगळ्यात वर नेटवर्कची वाट बघणारी सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, होती. मी म्हटलं, हीच ना ती? नाही म्हणाला. सर्व्हिसेस एकाच वेळी चालू असतात, जिला जास्त वेळ लागला तिनेच बाकीच्यांना अडवलं असं नसतं. हे त्याने घाई न करता, मला कळेपर्यंत सांगितलं.

खरी गोष्ट स्वॅपची, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेची, निघाली. डेबियन टाकताना स्वॅपचं पार्टिशन पुन्हा फॉरमॅट झालं आणि त्याचा ओळख क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, बदलला. सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची ते लिहिलेल्या मिंटच्या 'एफएसटॅब' फाईलमध्ये जुनाच राहिला. 'बीएलकेआयडी' या कमांडने त्याने खरा क्रमांक काढला. तो पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेला, मी दुसऱ्या खिडकीतल्या जुन्या क्रमांकाशी ताडून बघत गेले. पहिल्याच चार अक्षरांत फरक. फाईलची प्रत ठेवून मग त्याने ती ओळ बदलली.

इथे बहुतेक जण थांबले असते. त्याने कर्नलचे ३८ सेकंदही सोडले नाहीत. हायबरनेशनसाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करण्यासाठी, असलेल्या 'रिझ्यूम' नावाच्या छोट्या फाईलमध्ये तोच जुना क्रमांक होता, त्यामुळे सुरुवातीलाच अर्धा मिनिट जात होता. ती बदलून, सुरुवातीला लागणारी फाईल नव्याने बनवणारं 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' चालवलं आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. कर्नल ७, युजरस्पेस ३१. दोन मिनिटं वाचली, एकही भाग न बदलता.

डिस्कही 'स्मार्टसीटीएल'ने तपासून दाखवली, खराब होऊन बदललेले सेक्टर शून्य. ती मिनिटाला ५४०० फेरे घेणारी फिरती डिस्क आहे, एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली तर अजून फरक पडेल, पण "सीझन होऊ दे, मग बघू" हे त्यानेच सांगितलं. घेतले तीनशे रुपये. केलेले दोन्ही बदल मागितल्यावर कागदावर लिहून दिले.

उणं सांगायचं तर दुपारी एक ते चार दुकान बंद असतं आणि फोन उचलला जात नाही. मी दीडला पोचले आणि अडीच तास बाहेर काढले. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर कुणाला तरी सोबत न्या. पावती छापील मिळत नाही. बॅटरी मेलेली असेल तर चार्जर विसरू नका, माझ्या पिनेचा त्यांच्याकडे नव्हता.

तो कागद मी हिशेबाच्या वहीत चिकटवलाय आणि त्याचा फोटो भाच्याला पाठवलाय. जूनमध्ये एसएसडीसाठी परत त्याच्याकडेच जाणार आहे.