गेजवरचा काटा चारवर होता

माझं सांगलीत टायरचं दुकान आहे. बावीस वर्षं दिवसभर हवा भरायची आणि गेज बघायचं, हेच काम. तरीही पायाची जखम भरावी म्हणून अण्णांना ऑक्सिजनच्या ज्या चेंबरमध्ये झोपवत होते, त्याच्या गेजकडे मी अठरा दिवस नीट पाहिलं नाही. याची टोचणी अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. घरात शुगरचा पेशंट असेल तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. पंधरा वर्षांपासून शुगर. ऊस तुटून गेलेल्या रानात फिरताना डाव्या पायात तुटलेल्या उसाचा टोकदार सड घुसला. चप्पल फाडून आत गेला तरी त्यांना कळलं नाही, रात्री पाय धुताना रक्त दिसलं. शुगरने पायाची जाणीव जाते ती अशी. तीन आठवड्यांत अंगठ्याखाली जखम चिघळली. मिरजेतल्या सर्जननी सांगितलं, जखम आतून साफ करू, रोज ड्रेसिंग, पायावर भार द्यायचा नाही, आणि आधी डॉपलर करून रक्त पायापर्यंत पोचतंय का ते बघू. उशीर केला तर बोट काढावं लागेल, असंही म्हणाले. अण्णांनी एवढं एकच वाक्य ऐकलं. घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात एका पाहुण्याने मोबाइलवर जाहिरात पाठवली. ‘बोट कापू नका, ऑक्सिजनने जखम भरते.’ आम्ही त्या सेंटरवर गेलो. एसी, मासिकं, भिंतीवर डॉक्टरांचा फोटो. ते डॉक्टर आम्हाला शेवटपर्यंत भेटले नाहीत. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "काका, हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी. दोन अ‍ॅटमॉस्फिअरचं प्रेशर देतो आपण. चाळीस सेशन, आजच भरलेत तर नव्वद हजार." घरी येऊन मुलीने माहिती काढली, तर उपचार खरा निघाला. नौदलात खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी वापरतात, शुगरच्या जखमांवरही वापरतात. आम्ही निर्धास्त झालो. फसलो ते इथेच. उपचाराचं नाव खरं होतं, त्या नावाखाली विकत होते ती वस्तू वेगळी होती.

खरा उपचार काय असतो ते मला नंतर सर्जननी कागदावर काढून समजावलं. आपलं रक्त नेहमीच्या हवेतही ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलंच असतं, नुसता मास्क लावून त्यात फार भर पडत नाही. पण भक्कम बंद चेंबरमध्ये दोन ते अडीच पट दाब देऊन शंभर टक्के ऑक्सिजन श्वासात दिला, की तो रक्ताच्या पाण्यातच विरघळतो आणि जिथे रक्त कमी पोचतं तिथेही काही प्रमाणात जातो. बुडी मारणारे खोलातून झपाट्याने वर आले की होणारा बेंड्सचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन, रेडिएशनने खराब झालेलं हाड, अशा ठरावीक आजारांवर तो देतात. शुगरच्या जखमेवर देतात तेही जखम खोल असेल आणि नेहमीचे उपचार करूनही भरत नसेल तर, आणि नेहमीचे उपचार चालू ठेवूनच.

आम्हाला मिळाली ती चेन लावायची फुगवणारी पिशवी. बाहेर एक पंप आणि कोरोनात गल्लोगल्ली आलेलं ऑक्सिजन काँसन्ट्रेटरचं मशीन, त्याची नळी सैल मास्कला. आत जाण्याआधी ना छातीचा एक्स-रे, ना कान तपासले, ना शुगर. अण्णा टेरिकॉटच्या शर्टात, डोक्याला तेल, हातात मोबाइल घेऊन आत झोपायचे. खऱ्या चेंबरमध्ये यातलं काहीही नेऊ देत नाहीत, सुती कपडेच लागतात, कारण ऑक्सिजन जास्त असला की एक ठिणगी पुरते. 31 जानेवारी 2025 ला अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय इथे अशा चेंबरला आग लागून आतला पाच वर्षांचा मुलगा दगावला.

एकोणिसाव्या दिवशी अण्णांना आत ठेवून मी पिशवीशेजारी उभा होतो. गेजचा काटा 4 पीएसआयवर, टायरची हवा मोजतो त्याच युनिटमध्ये. आमच्याकडे कारच्या टायरमध्ये तीस-बत्तीस भरतो, म्हणून आकडा डोळ्यात घुसला. वातावरणाचा दाब, म्हणजे एक अ‍ॅटमॉस्फिअर, साधारण 14.7 पीएसआय. गेज त्याच्या वरचं दाखवतं, म्हणजे दोन अ‍ॅटमॉस्फिअर असतील तर काटा पंधराच्या आसपास पाहिजे. चार म्हणजे जेमतेम 1.3. लहानपणी विहिरीत दहा फूट खाली बुडी मारायचो तेव्हा कानावर यायचा, तेवढाच दाब. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, ते वेगळं युनिट आहे." बावीस वर्षं मी त्याच युनिटवर पोट भरतोय.

त्याच संध्याकाळी पट्टी सोडली. "सेशन चालू असताना रोज ड्रेसिंगची गरज नाही," असं सेंटरवाल्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही ते मानलं होतं. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, वास येत होता. मिरजेला गेलो. डॉपलरमध्ये पायाची रक्तवाहिनी बंद निघाली. अँजिओप्लास्टी करून रक्त सुरू केलं, दोन बोटं काढली, पाऊल वाचलं. सर्जन ओरडले नाहीत. "पहिल्याच आठवड्यात आला असता तर बोटं बहुतेक राहिली असती," एवढंच बोलले. पुढे जखम नुसत्या ड्रेसिंगने भरत आली.

उरलेल्या सेशनचे पैसे मागायला गेलो. पावतीवर ‘वेलनेस सेशन, नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं. उपचार, थेरपी, दाब, कशाचाच उल्लेख नाही. मोबाइलवरची जाहिरात, मॅडमचे मेसेज आणि गेजचा त्या दिवशी काढलेला फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकिलाशिवायही करता येते, मी केली.

महिन्याभरापूर्वी त्या रस्त्याने गेलो तर बोर्डवर नवीन ओळ दिसली: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने 2013 मध्येच बजावलंय की या आजारांवर हा उपचार सिद्ध झालेला नाही. कॅनडात सेरेब्रल पाल्सीच्या 111 मुलांवर अभ्यास झाला, 2001 मध्ये छापून आला. निम्म्यांना दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच. हे बोर्डवर कोण लिहिणार?

आत बाकावर एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं, मोबाइलमधला गेजचा फोटो दाखवला. मॅडम मला बाहेर जा म्हणत होत्या. ती बाई पर्समधून पावती काढून बघायला लागली. म्हणाली, "भाऊ, मंगळसूत्र ठेवून भरलेत हो." तिच्या तक्रारीचा अर्ज आम्ही दुकानात बसून लिहिला, तारीख पुढच्या महिन्यात आहे.