कॉर्न स्नेकच्या पिल्लांसाठी हीट मॅटचा संच: खानदेशात कितपत उपयोगी?

कॉर्न स्नेक हा घरी पाळला जाणारा परदेशी, बिनविषारी साप. त्याच्या पिल्लांसाठी पातळ हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई), तारेच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मोस्टॅट आणि काट्याचा आर्द्रतामापक असा ऑनलाइन मिळणारा संच मी जळगावात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वापरून पाहिला. हिवाळ्यात त्याने काम चोख केले. अंड्यातून निघालेले पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस, पोटात उरलेल्या बलकावर जगते आणि त्यानंतर पहिली पिंकी (उंदराचे नुकतेच जन्मलेले, केस नसलेले पिल्लू) खाते; त्या वेळी ऊब कमी पडली तर भक्ष्य पचण्याऐवजी पोटातच कुजते आणि पिल्लू ते ओकून टाकते. ओकल्यावर लगेच पुन्हा भरवू नये. १० ते १४ दिवस थांबून आधीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे. थंडीत खोली गार पडली तरी या थर्मोस्टॅटने पेटीची एक बाजू २८ ते ३० अंशांवर स्थिर ठेवली. मात्र सेन्सर हवेत लोंबकळत न ठेवता मॅटच्या पृष्ठभागालाच चिकटवावा लागतो, नाहीतर मॅट बेसुमार तापून पिल्लाचे पोट भाजू शकते, आणि नेमकी हीच सूचना माहितीपत्रकात नाही.

उन्हाळ्यात चित्र पालटते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद खोलीही ३५ अंश ओलांडते, आणि एवढे तापमान पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. थर्मोस्टॅट मॅट बंद करतो, पण गारवा कुठून आणणार? त्यातच हवा इतकी कोरडी होते की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाला कातीचे कडे राहिले तर रक्तपुरवठा तुटून टोक वाळून झडते, डोळ्यांवरची जुनी झापडही तशीच अडकते. ती ओढून काढू नये. ओलसर शेवाळ (मॉस) भरलेला, भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा पेटीत ठेवला की बहुतेक वेळा कात आपोआप सुटते. संचातला काट्याचा मापक या कामी निरुपयोगी आहे: डिजिटल मापक २० टक्क्यांच्या आसपास दाखवत असताना त्याचा काटा ५० वर निवांत बसलेला होता. त्याच्यावर विसंबून कोणी सगळी पेटीच भिजवली, तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात किंवा श्वसनमार्गाला संसर्ग होतो. नाकपुड्यांतून बुडबुडे येणे आणि तोंड उघडे ठेवून श्वास घेणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि तिथे घरगुती उपाय चालत नाहीत. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींचे, त्यामुळे साप तपासणारा डॉक्टर पिल्लू आजारी पडण्याआधीच शोधून ठेवलेला बरा.

खोक्यावर ‘सर्व सापांसाठी’ असे छापले आहे, त्याला भुलू नये. शेतात सापडलेली धामणीची अंडी उबवून पिल्ले पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते. अशी अंडी दिसल्यास वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवावे. परदेशी कॉर्न स्नेकसाठी मात्र मॅट आणि थर्मोस्टॅट सुटे विकत घेऊन वेगळा डिजिटल मापक जोडणे या संचापेक्षा परवडते.